ढोलवाल्याचा कोट

आमचे मालक गेले तेव्हा दहाव्यापर्यंत माणसं भेटायला येत होती. कुणी म्हणालं, देवमाणूस होता. आमचे मालक देवमाणूस नव्हते, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. दत्तू मास्तर आले, भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहिले, मान तिरकी करून जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "छाती चाळीस. बाही साडेतेवीस. डावा खांदा अर्धा इंच खाली. असं गिऱ्हाईक पुन्यांदा न्हाई."

आणि चहा न घेता गेले.

डावा खांदा खरोखर खाली होता. मी नंतर जुने फोटो काढून बघितले. इतकी वर्षं संसार केला, पण माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. आलेल्या सगळ्या माणसांत खरं बोललेला तेवढा एकच.

मास्तर शिंपी आहेत. सणसवाडीत हायवे सोडून आत वळलं की गाळ्यांची रांग लागते. मोबाईलवाला, मेसवाला, मग मास्तरांचं दुकान. आमचं घर त्याच्या मागेच. मी लग्न होऊन राहूहून इथे आले तेव्हा या गाळ्यांच्या जागी ज्वारी होती. आता सगळीकडे पत्रे आहेत, कंपन्या आहेत, एकेका खोलीत चार-चार परगावची माणसं आहेत, आणि ट्रकच्या आवाजाने भांडी हलतात. मला आता त्याचा राग येत नाही. कंटाळा येतो.

मास्तरांचं काज-बटण मी करते. बटण ज्या फटीतून जातं ते काज. ते कापायचं, कडेने दोरा घट्ट विणायचा, मग समोर बटण टाकायचं. हल्ली हे मशीनवर होतं, पण कोटाचं काज मास्तर मशीनला देत नाहीत. आधी हे काम त्यांची बायको सुमन करायची. तिच्या पाठीचं दुखणं वाढलं तेव्हा सुई माझ्याकडे आली. ती गेली तेव्हा माझ्याकडेच राहिली. त्याला आता नऊ वर्षं झाली.

मास्तरांच्या तोंडात दोन गोष्टी कायम. एक, "मुंढा बघा." दुसरी, "टेप सांगंल."

मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ते भोक. जगातल्या सगळ्या दुःखाचं कारण मुंढा चुकणं हे आहे, असं मास्तरांचं मत. ते शिकले दौंडला, रेल्वेच्या गार्ड लोकांचे कोट शिवणाऱ्या एका उस्तादाकडे. गार्डाने झेंडा दाखवायला हात वर केला तरी कोटाची मागची कड हलता कामा नये, ही त्या उस्तादाची परीक्षा. मास्तर फलाटावर उभे राहून गाड्या सुटताना गार्डाच्या पाठीकडे बघत बसायचे.

"लोकाला वाटतं मुंढा मोठा काढला की हात मोकळा होतो," ते मला म्हणतात. वर्षातून निदान दहा वेळा म्हणतात. "उलटं हाय, आक्का. मुंढा खाली गेला की हातासंगं अख्खा कोट वर जातो. मुंढा वर पायजे. काखंत. मग हात कुठंबी न्या."

"मला कुठं न्यायचाय हात," मी म्हणते. "द्या ते शर्ट इकडं."

लग्नात हार घालायची वेळ आली की सगळी माणसं नवरीकडे बघतात. मास्तर मांडवाच्या मागच्या बाजूला जाऊन नवरदेवाच्या कोटाची मागची कड बघतात. पाटसला एका लग्नात नवरदेवाने हात वर केले आणि मास्तर मोठ्याने म्हणाले, "गेला!" शेजारची बाई घाबरून उठली. "अगं बया, कोण गेलं?" "कोट," मास्तर म्हणाले. "चार बोटं वर गेला." त्या बाईने मग जेवणाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायचं टाळलं.

त्यांची एक जुनी स्कूटर आहे, निळी. पुढची सीट साधी, मागची मात्र उशीसारखी फुगीर, रेक्झिनचा अभ्रा आणि कडेने कोटाच्या कॉलरसारखी दुहेरी शिवण. लोक तिला सिंहासन म्हणतात. त्यावर ते कुणाला बसू देत नाहीत. "शिवण उसवंल," म्हणतात. एकदा मी एसटीतून उतरले, हातात जड पिशवी, गुडघा हा असा. मास्तर स्कूटरवरून चालले होते. थांबले, उतरले, माझी पिशवी हँडलला अडकवली आणि स्कूटर ढकलत माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले. पण बसा म्हणाले नाहीत. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

कोट शिवणं कधीच संपलं. नवरदेव पुण्याला जाऊन तयार कोट आणतो. मास्तरांकडे येतात ते कंपनीतले कामगार, जीन्सची लांबी कमी करायला. ज्या माणसाने गार्डांचे कोट शिवले तो दिवसभर पँटींचे पाय कापतो. "पाय कापतो, आक्का," असंच म्हणतात ते, आणि हसत नाहीत.

गेल्या वर्षी त्यांच्या लेकीने सोलापूरहून फोन पाठवला. त्यावर ते कोट कापायचे व्हिडिओ बघायला लागले. इटलीतले म्हातारे, मद्रासकडचे म्हातारे, सगळ्यांना नावं ठेवायचे. एका सकाळी मी शर्ट द्यायला गेले तर फोन माझ्या नाकाशी आणला.

"बघा."

चार जण होती. तीन पोरं आणि एक पोरगी, सगळी विशीतली, गोरी, हडकुळी. अंगात अरुंद कोट, बारीक कॉलर, तीन बटणं, बोटाएवढा टाय. केस कपाळावर आणलेले. गिटार वाजवत होती, एक जण मागे बसून ढोल बडवत होता. मधेच एक स्कूटर दाखवली. आरशांनी भरलेली. मी मोजले, बारा होते.

"एका माणसाला मागचं एवढं कशाला बघायचं असतं?" मी म्हटलं.

"आरसं सोडा. गाडी बघा. आपलीच हाय! तोच सांगाडा. आन् कोट बघा. कॉलर दोन इंच. मागं दोन चिरा. कापड बघा, धूपछाव हाय."

"आवाज कुठाय?"

"आवाज कशाला?"

आठ दिवस त्यांनी ते गाणं बिनआवाजाचं बघितलं. माझी सून शीतल इंग्रजी शाळेत शिकवते. ती एकदा दुकानात आली आणि म्हणाली, "मामा, अहो आवाज तर लावा." तेव्हा कुठे आम्ही ते ऐकलं. गिटार उड्या मारत होती, ढोल तिच्यामागे पळत होता आणि तो पुढचा पोरगा रुसल्यासारखा, पण गोड गात होता. शीतलने अर्थ सांगितला. एक पोरगी बसस्टॉपवर उभी आहे, बस येते, ती चढत नाही, पुढच्या बसची वाट बघते. बस्स एवढंच. तीन मिनिटांत संपलं. मला ते गाण्यातलं सगळ्यात आवडलं.

बँड नवीन होता. गाणी दोनच. नावाचा अर्थ शीतलने 'शनिवारची बटणं' असा सांगितला. बघणारे आमच्या ग्रामसभेला येतात तेवढेच. मास्तरांना त्याचा फार अभिमान.

"ह्यास्नी अजून कुणी वळखत न्हाई. मी वळखलं."

"तुम्ही कोट वळखला," मी म्हटलं.

"मग? येकच झालं."

शीतलने फोनवर वाचून सांगितलं की या तऱ्हेला मॉड म्हणतात. साठेक वर्षांमागे तिकडे साहेबाच्या देशात अशी पोरं होती. आठवडाभर कारखान्यात, कचेरीत राबायची आणि मिळालेले पैसे कपड्यांवर घालवायची. शनिवारी कडक कोट घालून स्कूटरवरून नाचायला जायची. कोटाला डाग पडू नये म्हणून वर ढगळ जाकीट. आता ही नवी पोरं तसं राहायला बघतात. मास्तर हे ऐकताना दारातून बाहेर बघत होते. शिफ्ट सुटली होती, कंपनीची पोरं पिशव्या घेऊन खोल्यांकडे चालली होती.

"कारखान्यातली पोरं आन् शनवारी कोट," ते म्हणाले. "ह्यास्नी कुणी सांगितलंच न्हाई, बघा."

मग ते सांगायला लागले. जीन्स घ्यायला आलेल्या प्रत्येकाला आधी गाणं बघावं लागायचं.

"चाचा, पैंट हुआ क्या?"

"पहले ये देख. ये कालर देख."

"चाचा, ड्यूटी है."

"तीन मिनट का है. देख."

एकाने सगळं बघितलं, फार छान म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी टोपीचं तयार जाकीट घालून आला. मास्तरांनी त्याची पँट अर्धा इंच जास्त कापली. चुकून, असं ते म्हणतात.

खरी गोष्ट सुरू झाली ती ढोलवाल्यामुळे. त्या गाण्यात एका जागी तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन ढोलावर आणतो. त्या वेळी त्याचा अख्खा कोट वर जातो, कॉलर कानाला लागते आणि बटणाजवळ चुण्या पडतात. मास्तरांनी ती जागा शंभरदा बघितली असेल.

"पोरगं गुदमरतंय," ते म्हणाले. "तिघांचं चालतंय. ह्याचं कामच हात वर करायचं हाय. गार्डावाणी. आन् मुंढा बघा त्याचा! परातीएवढा काढलाय."

"तुमचं काय जातंय?"

त्यांनी शीतलला सांगितलं, लिही त्यांना. शीतल भिडस्त आहे, पण मास्तर तिच्या मागेच लागले. तिने गाण्याखाली लिहिलं की आमच्या गावच्या टेलरमास्तरांच्या मते तुमच्या ढोलवाल्याचा मुंढा चुकलाय. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांना ती चेष्टा वाटली होती. मग ढोलवाल्याने स्वतः लिहिलं की खरं आहे, काखेत काचतं, हा कोट जुन्या बाजारातून घेतलाय.

"दुसऱ्याचा कोट!" मास्तर म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

कपाटात तळाला एक धूपछावचं कापड होतं, निळं, हलवलं की हिरवं दिसणारं. एका नवरदेवाने लग्नाच्या कोटाला आणलं होतं आणि मग तयार कोट घेऊन हे तसंच सोडून दिलं होतं. मास्तरांनी ते बाहेर काढलं, झटकलं, टेबलावर पसरलं. मी समजले.

"आक्का, ह्यो शेवटचा कोट. ह्यो झाला की म्या पाय कापायला मोकळा. पर शेवटचा असा बसला पायजे, की उस्ताद असता तर त्यानं दुरुस्तीला हात लावला नसता."

"माप कुठलं घेणार?"

शीतलने त्या पोराला माप विचारलं. उत्तर आलं, 'मिडीयम'.

"मिडीयम?" मास्तर खुर्चीतून उठले. "मिडीयम म्हंजी काय? मिडीयम चहा असतो. माणूस मिडीयम असतो का?"

शीतल म्हणाली, मामा, त्याला टेप घेऊन मोजायला सांगते, आकडे मागवते. इथे मास्तरांचा नियम आडवा आला. दुसऱ्याच्या हातच्या मापावर त्यांनी कधीच कात्री चालवली नाही. आमदाराच्या भावाने माप चिठ्ठीवर लिहून पाठवलं होतं, तर मास्तरांनी चिठ्ठी परत पाठवली आणि माणूस पाठवा म्हणून निरोप दिला. आता माणूस सात समुद्रापलीकडे आणि नियम सणसवाडीत. तीन दिवस ते नुसते बसून होते. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या दारात.

"आक्का, चला. टेपचं टोक धरायचंय."

त्यांनी एक फोटो शोधला होता. ढोलवाला त्या आरसेवाल्या स्कूटरच्या मागच्या सीटला टेकून सरळ उभा होता. स्कूटर आपल्याच सांगाड्याची. तिचं चाक फोटोत गिटारच्या पेटीआड गेलं होतं, पण मागची सीट आणि खालची जमीन स्पष्ट दिसत होती. म्हणजे आपल्या स्कूटरची सीट जमिनीपासून किती उंच ते टेपने मोजायचं, फोटोत ती किती दिसते ते बघायचं, आणि त्यावरून पोराची बाही, छाती, खांदा काढायचा. त्रैराशिक. मी चौथीपर्यंतच शिकले, पण त्रैराशिक मला येतं.

भर रस्त्यात मी वाकून टेपचं टोक जमिनीला धरलं. वरचं टोक मास्तरांच्या हातात. जाणारी पोरं थांबली.

"आजी, गाडी बेचनी है क्या?"

"नहीं रे बाबा. कोट सीना है."

"गाडी का?"

"तेरा काम कर, जा."

"बत्तीस," मास्तर वरून म्हणाले.

मग शीतलच्या कंपासपेटीतला कर्कटक घेऊन त्यांनी फोनच्या काचेवर मापं घेतली आणि खडूने टेबलभर आकडेमोड केली. छाती आडतीस निघाली. मास्तरांनी डोकं खाजवलं.

"डोळ्याला छत्तीस वाटतंय पोरगं."

"परत करा मग."

परत केलं. आडतीस. मी स्वतः ताळा घेतला, हिशेब बरोबर होता.

"टेप सांगती तेच खरं," मास्तर म्हणाले. "डोळं म्हातारं झालं." आणि कात्री घेतली.

त्या कोटाला त्यांना महिना लागला. जीन्सचे ढीग साचले, पोरं अर्धी पँट वर दुमडून फिरायला लागली. मुंढा त्यांनी तीनदा उसवून बसवला. कच्ची शिलाई घालून कोट स्वतःच्या अंगात अडकवायचे आणि आरशासमोर दोन्ही हात वर करून ढोल बडवल्यासारखे हलवायचे. एकदा मेसवाला दारात येऊन उभा राहिला, बघत बसला आणि परत गेला.

काजं बारा होती. पुढे तीन, बाह्यांना चार-चार, कॉलरला एक. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मी मास्तरांना म्हटलं, बाह्यांची खोटी काजं करू, कोण बघतंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाराही केली. रेशमी दोऱ्याने. मान आठ दिवस धरली होती.

कोट गेला. कुरिअरवाल्याने किती घेतले ते मास्तरांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग वाट बघणं आलं. मास्तर रोज शीतलला विचारायचे, "पोचला का?" शीतल रोज म्हणायची, "मामा, विमानाने गेलाय, उडी मारून नाही." पंधरा दिवसांनी व्हिडिओ आला. नवं गाणं, त्यात ढोलवाला आपला कोट घालून.

शीतल पळतच दुकानात आली. मी तिच्यामागे, माझ्या चालीने. तिघं फोनवर वाकलो. कोट निळा-हिरवा चमकत होता. पोराने हात वर केले, पार डोक्यावर, आणि मागची कड तसूभर हलली नाही. शीतलने टाळ्या वाजवल्या.

"हलला न्हाई, मास्तर!" मीही म्हटलं.

मास्तर बघत राहिले. पुन्हा लावलं. मग बोटाने काच थांबवली. पोराने बाह्या मनगटावर दोन घड्या घालून वर दुमडल्या होत्या. माझी आठ काजं घडीत गेली होती.

"बाही दीड इंच लांब हाय," ते म्हणाले. "छाती ढिली हाय. दोन इंच."

"मामा, त्याने किती छान लिहिलंय, ऐका तरी. तो म्हणतो, पहिल्यांदाच मला हात आहेत असं वाटलं."

"बाही दुमडली पोरानं," मास्तर म्हणाले, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही. याआधी मास्तरांचं दुकान फक्त सुमन गेली तेव्हा बंद होतं. चौथ्या दिवशी जीन्सवाली पोरं माझ्या दारात यायला लागली, "आजी, चाचा मर गया क्या?" मी चप्पल घातली. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण मला ते पाटसएवढं लांब पडतं.

मास्तर अंगणात होते. दाढी वाढलेली. स्कूटर स्टँडवर लावून टेप घेऊन बसले होते.

"बत्तीस," मला बघून ते म्हणाले. "चार दिस मोजतोय. बत्तीसच येतंय. टेप खोटं बोलंल का, आक्का? डोळं छत्तीस सांगत व्हतं. म्या टेपचं ऐकलं. सारी जिंदगी टेपचं ऐकलं, आन् शेवटच्या कोटाला..."

"बसायला काहीतरी द्या आधी. पाय गेले माझे."

ते खुर्ची आणायला उठले. मी आधाराला म्हणून स्कूटरच्या मागच्या सीटवर हात टेकला. हात खाली गेला. उशीत जातो तसा, चांगला दोन बोटं.

मी हात काढला, परत दाबला. मग मला आठवलं. मीच तो अभ्रा हाताने टाचला होता. सुमन खाटेवर पालथी पडून मला सांगत होती, टाका जवळ घाल गं, ह्यांना लांब टाका चालत नाही. दर आठवड्याला दौंडला दवाखान्यात न्यावं लागायचं तिला. एसटीचे धक्के तिला सोसत नव्हते, म्हणून मास्तर स्कूटरवरून न्यायचे, हळूहळू, खड्डा आला की उतरून.

"मास्तर," मी म्हटलं. "ही गादी."

"काय गादी?"

"गाडीची नव्हं ही. सुमनची हाय. कंपनीनं एवढी जाड दिली होती का?"

खुर्ची त्यांच्या हातात तशीच राहिली. ते सीटकडे बघत होते. पहिल्यांदाच बघावं तसं. मला वाटतं ते खरोखर विसरले होते. इतकी वर्षं ती सीट तशीच बघून ती तशीच असते असं त्यांना वाटायला लागलं होतं. ज्या माणसाला माझ्या नवऱ्याचा अर्धा इंच खांदा दिसला, त्याला हे दिसलं नाही.

"आधी येक थर टाकला व्हता फोमचा," ते म्हणाले. "मग म्हणाली, अजून लागतंय. मग दुसरा. शेवटाला तिसरा बी आणला व्हता. त्यो टाकायचा ऱ्हायला."

मला अशा वेळी बोलता येत नाही आणि येतं असं दाखवायला आवडत नाही.

"मग टेपची चूक न्हाई. त्या पोराच्या गाडीला ही गादी न्हाई," मी शेवटी म्हटलं. "उसवा ते, फोम काढा, नीट माप घ्या. दुसरा कोट करू."

"कापड न्हाई."

"आणू. माझी काजं घडीत गेलीत. मला ते चालणार न्हाई."

त्यांनी खिशातून उसवायचं ब्लेड काढलं. सीटच्या कडेला, माझ्या टाक्यांजवळ नेलं. तिथे धरलं. मी वाट बघत होते. खूप वेळ झाला. मग त्यांनी ब्लेड मिटवून परत खिशात ठेवलं.

"आक्का," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "उसवायचं कशाला? तुम्ही बसता का जरा? दाबून गादी खाली गेली की मूळचं माप येतंय का बघू."

एसटीच्या दिवशीची पिशवी मला आठवली. सुनावलं असतं. पण गुडघा ठणकत होता आणि त्यांचं तोंड बघून मी ते ठेवून दिलं. त्यांनी हात दिला. मी एकीकडे पाय सोडून बसले, सुमन बसायची तशी. गादी खाली खाली गेली आणि थांबली. फार मऊ होती. पाठीला एकदम बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

मास्तर गुडघ्यावर बसले, टेपचं टोक स्वतःच जमिनीला धरलं, दुसरं वर माझ्या लुगड्याच्या काठाशी आणलं.

"किती?" मी विचारलं.

"तीस."

"बरोबर का मग?"

"बरोबर. छाती छत्तीस येती. डोळं बरोबर व्हतं."

"उतरू का?"

ते टेप तशीच धरून बसले होते. आकडा वाचून झाला होता, तो मलाही वरून दिसत होता.

"थांबा जरा," मास्तर म्हणाले. "नीट बघू द्या."

मी थांबले. मला घाई नव्हती. घरी जाऊन तरी काय, ट्रकच ऐकायचे.